किनाऱ्याने द्राक्षमळ्यांकडे : दक्षिण आफ्रिकेतील हजार किलोमीटर

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील ‘गार्डन रूट’ हा स्वतः मोटार चालवत फिरणाऱ्यांचा जगभर आवडता मार्ग आहे. एका बाजूला हिंदी महासागर, दुसऱ्या बाजूला औटेनिक्वा आणि त्सित्सिकामा पर्वतांची भिंत आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत जंगल, सरोवरे, खाड्या व लहान गावे, असे याचे स्वरूप आहे. हा रस्ता पश्चिमेकडे तसाच पुढे नेला, तर तो आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून स्टेलनबॉश आणि फ्रान्सहुक या साडेतीनशे वर्षांची परंपरा असलेल्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात पोहोचतो. भारतीय चालकाला या प्रवासात फारशा अडचणी येत नाहीत. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, गाडीचे चक्र उजवीकडे असते, फलक इंग्रजीत असतात आणि मुख्य रस्ते उत्तम आहेत.

या मार्गाला दुसरीही एक बाजू आहे, ती माहितीपत्रकांत सहसा नसते. येथील देखणे घाटरस्ते, किनाऱ्याला बिलगून जाणारी वळणे आणि शेवटी लागणारे पांढऱ्या भिंतींचे वाइनचे वाडे यांपैकी बरेच काही कैद्यांच्या, युद्धबंद्यांच्या आणि गुलामांच्या हातांनी उभे राहिले आहे. त्या गुलामांमध्ये बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून नेलेली माणसेही होती. हे ठाऊक असले की हा प्रवास अधिक अर्थपूर्ण होतो आणि अखेरच्या मुक्कामावर हाती येणाऱ्या पेल्याची चवही निराळी लागते.

पूर्वेकडून पश्चिमेकडेच का?

बहुतेक पर्यटक केप टाऊनला उतरतात आणि तेथून पूर्वेकडे निघतात. मात्र हा प्रवास उलट दिशेने, म्हणजे ग्केबेऱ्हा (२०२१ पर्यंतचे पोर्ट एलिझाबेथ) येथून सुरू करणे अनेक दृष्टींनी सोयीचे ठरते. पश्चिमेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो. आपली मार्गिकाही डावीकडची असल्याने दृश्य पाहण्यासाठी थांबताना समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागत नाही. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. वाइनचा प्रदेश शेवटी येतो आणि तेथे पोहोचल्यावर गाडीची किल्ली बाजूला ठेवता येते. एक गैरसोय आहे. दुपारनंतर मावळतीचे ऊन थेट डोळ्यांवर येते. म्हणून मोठे टप्पे सकाळीच उरकावेत.

‘एन-२’ या राष्ट्रीय महामार्गाने ग्केबेऱ्हा ते केप टाऊन हे अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. आगुल्हास, हर्मानस आणि किनाऱ्याची वळणे धरली, तर स्टेलनबॉशपर्यंत साधारण १,००० किलोमीटर होतात. एक चालक असेल तर यासाठी आठ दिवस हाताशी ठेवावेत. मुक्कामांची सोयीची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल :

पहिला दिवस : ग्केबेऱ्हा ते स्टॉर्म्स रिव्हर, सुमारे १८० किमी.
दुसरा दिवस : प्लेटेनबर्ग बेमार्गे नाय्स्ना, सुमारे १०० किमी.
तिसरा दिवस : सात घाटांच्या रस्त्याने विल्डरनेस किंवा जॉर्ज, सुमारे ८० किमी.
चौथा दिवस : मॉसेल बेमार्गे स्वेलेंडॅम, सुमारे २२० किमी.
पाचवा दिवस : केप आगुल्हासमार्गे हर्मानस, सुमारे २४० किमी.
सहावा दिवस : हर्मानस येथेच मुक्काम.
सातवा दिवस : क्लॅरन्स ड्राइव्हने स्टेलनबॉश, सुमारे ११० किमी.
आठवा दिवस : फ्रान्सहुक. या दिवशी गाडी उभीच ठेवावी.

त्सित्सिकामा : पूल आणि पाणी

ग्केबेऱ्हा सोडल्यावर पहिले दीड-दोन तास मोकळ्या माळांचे आणि गायरानांचे असतात. त्यानंतर डोंगर जवळ येतात आणि झाडी दाट होत जाते. त्सित्सिकामा हा खोई भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ विपुल पाण्याचा प्रदेश असा सांगितला जातो. डोंगरातून निघालेल्या नद्यांनी येथे खोल, उभ्या कड्यांच्या घळ्या कापल्या आहेत. पूर्वी प्रत्येक घळीत उतरून पुन्हा वर चढावे लागे. आज महामार्ग त्या पुलांवरून ओलांडतो.

स्टॉर्म्स नदीवरील पॉल सॉअर पूल १९५६ मध्ये खुला झाला. इटालियन अभियंते रिकार्डो मोरांडी यांनी त्याची रचना केली होती. कमानीचे दोन अर्धे भाग दोन्ही काठांवर उभे बांधून नंतर ते दरीत झुकवून एकमेकांस जोडण्यात आले. २०१८ मध्ये इटलीतील जेनोआ येथे कोसळलेला पूलही मोरांडी यांच्याच रचनेचा होता. आफ्रिकेतील त्यांचा हा पूल मात्र आजही उभा आहे. पुलाशेजारी पेट्रोलपंप, उपाहारगृह आणि दरीवरून चालत जाण्याची वाट आहे.

महामार्ग सोडून खाली उतरले की स्टॉर्म्स नदीचे मुख लागते. त्सित्सिकामा राष्ट्रीय उद्यान १९६४ मध्ये स्थापन झाले. समुद्राला संरक्षण देणारे आफ्रिकेतील ते पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. २००९ पासून ते गार्डन रूट राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. किनाऱ्यावरील लाकडी पायवाटेने अर्ध्या तासात नदीमुखावरील ७७ मीटर लांबीच्या झुलत्या पुलापर्यंत जाता येते. उधाणाच्या वेळी लाटा खडकांवर फुटून उंच उडतात आणि पूल पायाखाली हलतो. प्रसिद्ध ‘ऑटर ट्रेल’ ही पाच दिवसांची पदभ्रमण वाट येथूनच सुरू होते. तिचे आरक्षण फार आधी करावे लागते.

पुढे ब्लाऊक्रान्स नदीवर आणखी एक कमानी पूल लागतो. १९८४ मध्ये पूर्ण झालेल्या या पुलाची उंची २१६ मीटर आणि कमानीचा विस्तार २७२ मीटर आहे. १९९७ पासून येथे ‘बंजी जंपिंग’ चालते. उडी मारायची नसेल तरी काठावरच्या सज्जातून दुसऱ्यांच्या उड्या पाहण्यात तास कसा जातो ते कळत नाही. ही नदी ओलांडली की ईस्टर्न केप प्रांत संपून वेस्टर्न केप सुरू होतो. याच पट्ट्यात महामार्गावर टोलनाका आहे.

नाय्स्नाचे जंगल आणि एकटी हत्तीण

प्लेटेनबर्ग बे हे सुट्ट्यांचे गाव आहे. सोनेरी वाळू, उथळ पाणी आणि डिसेंबर-जानेवारीत उसळणारी गर्दी हे त्याचे वैशिष्ट्य. एकच गोष्ट करायची असेल, तर ती रोबर्ग या सुमारे चार किलोमीटर लांब भूशिरावरील पदभ्रमंती. येथे लहान, मध्यम व पूर्ण अशा तीन फेऱ्या आखलेल्या आहेत. पूर्ण फेरीला चार तास लागतात. खालच्या खडकांवर सील माशांचे मोठे थवे असतात. ते दिसण्याआधीच त्यांचा आवाज आणि वास येतो. वाऱ्याच्या दिवशी टोकापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये.

तेथून अर्ध्या तासावर नाय्स्ना आहे. ‘हेड्स’ या नावाच्या दोन उंच वालुकाश्मी कड्यांमधील चिंचोळ्या फटीतून समुद्र आत येतो आणि त्याचे विस्तीर्ण लगून बनते. फट धोकादायक असल्याने पूर्वी अनेक जहाजे येथे फुटली. तरीही बंदर चालले, कारण मागे जंगल होते. यलोवूड आणि स्टिंकवूड या वृक्षांचे लाकूड एकोणिसाव्या शतकात येथून मोठ्या प्रमाणावर गेले. त्या तोडीत हत्तींचे अधिवास आक्रसले आणि शिकारीने उरलेले संपवले. कॅमेरा सापळ्यांच्या आधारे केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की या जंगलात मुक्त फिरणारी एकच प्रौढ हत्तीण उरली आहे. एके काळी येथे हत्तींचे कळप होते. रस्त्यावर आजही हत्तींपासून सावध राहण्याचे फलक दिसतात. ते वाचताना हा आकडा आठवावा.

जून २०१७ मध्ये दुष्काळ आणि सोसाट्याचा वारा यांच्या जोडीने लागलेल्या वणव्यात नाय्स्ना परिसरातील शेकडो घरे जळाली. गाव पुन्हा उभे राहिले आहे. लागवडीच्या पाइन व ब्लॅक वॉटलसारख्या परदेशी झाडांमुळे वणवे अधिक तीव्र होतात, हा धडा येथील लोकांनी तेव्हा पुन्हा एकदा घेतला.

सात घाटांचा जुना रस्ता

नाय्स्ना ते जॉर्ज हे अंतर महामार्गाने तासाभराचे आहे. वेळ असल्यास मात्र आतून जाणारा ‘सेव्हन पासेस’ रस्ता निवडावा. काही भाग खडीचा असल्याने गाडी सावकाश चालवावी लागते आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याविषयी काय लिहिले आहे, ते आधी पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकातील घाटरस्त्यांचे प्रसिद्ध बांधकामतज्ज्ञ थॉमस बेन यांचे नाव या रस्त्याशी जोडलेले आहे. वडील अँड्र्यू बेन यांच्याकडून त्यांना ही विद्या मिळाली. चुना न वापरता रचलेल्या दगडी भिंती आणि डोंगराचा उतार ओळखून काढलेली वळणे ही त्यांची खूण. १८८८ मध्ये खुला झालेला, आतल्या भागातील स्वार्टबर्ग घाट हे त्यांचे सर्वांत नावाजलेले काम. जॉर्जजवळचा माँटेग्यू घाट त्याही आधीचा, १८४७ मधला. या घाटांसाठी दगड फोडला आणि वाहिला तो मुख्यतः कैद्यांनी. नकाशावर घाटाला नाव अभियंत्याचे किंवा अधिकाऱ्याचे असते, कैद्यांची नावे कोठेही नसतात.

विल्डरनेसजवळ कायमान्स नदीच्या मुखावरील रेल्वेपूल डावीकडे दिसतो. जॉर्ज ते नाय्स्ना धावणारी वाफेची गाडी यावरून जात असे. २००६ मधील अतिवृष्टीत दरडी कोसळून मार्ग खचला आणि ही गाडी बंद पडली. समोरच्या डॉल्फिन पॉइंट या सज्जातून हा पूल, नदी आणि लांबच लांब किनारा असे सारे एका नजरेत येते.

मॉसेल बे : भारताच्या वाटेवरचा थांबा

मॉसेल बे येथे गार्डन रूट संपतो असे सर्वसाधारणपणे मानतात. भारतीय प्रवाशाने येथे किमान अर्धा दिवस काढावा. ३ फेब्रुवारी १४८८ रोजी पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेऊ डायस येथे उतरले. वादळात भरकटून केपचे टोक न दिसताच त्यांनी ते ओलांडले होते. युरोपातून हिंदी महासागरात शिरता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. नोव्हेंबर १४९७ मध्ये वास्को द गामा येथे पाणी भरण्यासाठी थांबले आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले.

गावातील डायस संग्रहालयात डायस यांच्या नौकेची प्रतिकृती आहे. पाचशेव्या वर्षाच्या निमित्ताने ती पोर्तुगालहून समुद्रमार्गे निघून ३ फेब्रुवारी १९८८ रोजी येथे आली होती. बाहेरच ‘पोस्ट ऑफिस ट्री’ नावाचा जुना मिल्कवूड वृक्ष आहे. कॅब्राल यांच्या ताफ्यातील एका कप्तानाने येथे ठेवलेले पत्र १५०१ मध्ये भारताकडे निघालेल्या जोआओ दा नोव्हा यांच्या हाती पडले. कालिकतमध्ये पोर्तुगीजांशी संघर्ष पेटला असल्याचा इशारा त्यात होता. आज त्या झाडाखाली बुटाच्या आकाराची टपालपेटी असून तीत टाकलेले पत्र जगभर जाते.

याहून कितीतरी जुना इतिहास गावाबाहेरच्या पिनॅकल पॉइंट येथील गुहांत आहे. सुमारे १ लाख ६४ हजार वर्षांपूर्वी माणसे येथे शिंपले खात होती आणि गेरूचा वापर करीत होती, असे पुरावे उत्खननात सापडले. २०२४ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मॉसेल बेहून दोन वाटा फुटतात. डोंगरापलीकडे ‘रूट ६२’ने औट्सहूर्नची शहामृगांची शेते आणि कँगो गुहा पाहता येतात. शहामृगांच्या पिसांना १९१४ च्या सुमारापर्यंत युरोपच्या फॅशनमध्ये मोठा भाव होता. तेथील श्रीमंती वाडे त्याच पैशाचे. किनाऱ्याची वाट धरणाऱ्यांनी मात्र ‘एन-२’ने स्वेलेंडॅम गाठावे. हा टप्पा गव्हाच्या आणि मोहरीवर्गीय कनोलाच्या शेतांतून जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डोंगरउतार पिवळेधमक होतात. रस्ता सरळ असल्याने वेग नकळत वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

खंडाचे टोक आणि देवमासे

आफ्रिकेचे दक्षिण टोक केप ऑफ गुड होप नव्हे, तर त्याच्या आग्नेयेस असलेले केप आगुल्हास. पोर्तुगीज भाषेत आगुल्हास म्हणजे सुया. त्या काळी या ठिकाणी होकायंत्राची सुई अचूक भौगोलिक उत्तर दाखवीत असे, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. पूर्व रेखांश २० येथून जातो आणि हिंदी व अटलांटिक महासागरांची अधिकृत सीमाही हीच. १८४९ मध्ये प्रकाशमान झालेले दीपगृह आणि खडकांतील एक शिलालेख, एवढेच येथे पाहण्याजोगे आहे. दोन रंगांचे पाणी दिसेल, या अपेक्षेने जाणाऱ्यांचा विरस होतो. खंड येथे संपतो, ही जाणीव हेच येथील दर्शन.

हर्मानस हे किनाऱ्यावरून देवमासे पाहण्यासाठी जगातील उत्तम ठिकाणांपैकी एक आहे. जून ते नोव्हेंबर या काळात ‘सदर्न राइट’ जातीचे देवमासे वीण व पिलांसाठी वॉकर बेमध्ये येतात. कड्यावरच्या पायवाटेवरून ते कधी कधी दगड फेकण्याच्या अंतरावर दिसतात. नौकेची गरज पडत नाही. शिकाऱ्यांच्या दृष्टीने हा ‘योग्य’ मासा होता, कारण तो संथ पोहतो आणि मेल्यावर तरंगतो. त्याचे इंग्रजी नावही त्यावरूनच पडले, अशी समजूत आहे. १९३५ पासून आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाल्यामुळेच ही जात तगली.

वाइनच्या प्रदेशाची पहिली चाहूल येथे लागते. हर्मानसच्या मागे हेमेल-एन-आर्दे, म्हणजे ‘स्वर्ग आणि पृथ्वी’ नावाची दरी आहे. १९७५ मध्ये टिम हॅमिल्टन रसेल यांनी येथे जमीन घेऊन लागवड सुरू केली. थंड समुद्री वाऱ्यामुळे पिनो न्वार आणि शार्दने या नाजूक जाती येथे साधतात. या दरीत जायचे असल्यास चालक न पिणारा हवा किंवा गावातून टॅक्सी घ्यावी.

क्लॅरन्स ड्राइव्ह

हर्मानसहून क्लाइनमाँड आणि बेटीज बेमार्गे ‘आर-४४’ रस्ता किनाऱ्याने जातो. बेटीज बे येथील स्टोनी पॉइंटवर आफ्रिकन पेंग्विनांची वसाहत आहे. लाकडी वाटेवरून ती अगदी जवळून पाहता येते. माशांच्या टंचाईमुळे या पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली असून २०२४ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त ठरविण्यात आले.

रूई-एल्स ते गॉर्डन्स बे हा सुमारे २१ किलोमीटरचा टप्पा म्हणजे क्लॅरन्स ड्राइव्ह. उजवीकडे उभा डोंगर, डावीकडे खाली फॉल्स बेचे निळे पाणी आणि मध्ये वळणांमागून वळणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या रस्त्याच्या कामावर इटालियन युद्धबंदी होते. थांबण्यासाठी ठिकठिकाणी जागा ठेवल्या आहेत. चालकाने दृश्य तेथेच पाहावे, चालत्या गाडीतून नव्हे. बबून माकडे बिनधास्त गाडीजवळ येतात. काचा बंद ठेवाव्यात आणि खाद्य मुळीच देऊ नये.

पेल्यामागचा इतिहास

गॉर्डन्स बे ओलांडून सॉमरसेट वेस्टमार्गे अर्ध्या तासात स्टेलनबॉश येते. डच ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी यान फान रिबेक १६५२ मध्ये केपला आले, १६५५ मध्ये त्यांनी द्राक्षवेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी पहिली वाइन निघाल्याची नोंद दैनंदिनीत केली. सिमोन फान डर स्टेल यांनी १६७९ मध्ये स्टेलनबॉश वसविले. धर्मछळामुळे फ्रान्स सोडलेले ह्यूगनॉट १६८८ मध्ये आले आणि त्यांच्यावरून फ्रान्सहुक, म्हणजे ‘फ्रेंचांचा कोपरा’, हे नाव पडले. स्टेलनबॉश येथेच १९२५ मध्ये प्राध्यापक अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो या जातींच्या संकरातून ‘पिनोटाज’ ही खास दक्षिण आफ्रिकी जात निर्माण केली. शेनिन ब्लाँची सर्वाधिक लागवड याच देशात आहे. ही जात नाशिकच्या मळ्यांतही घेतली जात असल्याने मराठी प्रवाशाला तुलना करण्याची आयती संधी मिळते.

या मळ्यांत राबले ते मुख्यतः गुलाम. कंपनीने मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटे आणि भारत येथून त्यांना आणले. त्यांच्या नावापुढे ‘बंगालचा’, ‘मलबारची’ असे गाव लावले जाई. मूळ नावे बहुधा पुसली गेली. बंगालची अँजेला ही त्यांतली एक. १६५७ मध्ये ती केपला विकली गेली आणि फान रिबेक यांच्या घरात कामाला होती. १६६६ मध्ये तिला स्वातंत्र्य मिळाले आणि पुढे स्वतःच्या नावावर जमीनही झाली. तिची मुलगी अ‍ॅना द कोनिंग हिचे पती ओलोफ बर्ग यांनी १७१६ मध्ये केपमधील सर्वांत प्रसिद्ध मळा, ग्रूट कॉन्स्टँशिया विकत घेतला आणि त्यांच्या मृत्यूनंतर गुलाम म्हणून आणलेल्या बंगाली स्त्रीची ही लेक त्याची मालकीण झाली. हा अपवाद होता. बहुतेकांच्या वाट्याला असे काही आले नाही. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण सक्तीच्या ‘उमेदवारी’मुळे प्रत्यक्ष सुटकेसाठी १८३८ उजाडावे लागले.

त्यानंतरही ‘डॉप’ पद्धत राहिली. मजुरीचा काही भाग रोज स्वस्त वाइनच्या रूपात दिला जाई. मजूर व्यसनात अडकत आणि मळा सोडू शकत नसत. विसाव्या शतकात बंदी येऊनही ही प्रथा काही ठिकाणी १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळली. गर्भावस्थेतील मद्यपानामुळे बाळांत उद्भवणाऱ्या विकारांचे जगात नोंदलेले सर्वाधिक प्रमाण ज्या भागांत आहे, त्यांत वेस्टर्न केपमधील मळ्यांचा परिसर येतो आणि अभ्यासक त्याचा संबंध या प्रथेशी जोडतात. २०१२-१३ मध्ये डी डूर्न्स भागातील खाण्याच्या द्राक्षांच्या मळ्यांवर मजुरांचा संप झाला. त्यानंतर शेतमजुरांचे किमान दैनिक वेतन ६९ रँडवरून १०५ रँड करण्यात आले. मजुरांच्या घरांचा, वेतनाचा आणि मालकीत वाटा देण्याचा प्रश्न आजही येथील सार्वजनिक चर्चेत आहे.

फ्रान्सहुक आणि पार्ल यांच्या दरम्यान, मळ्यांच्याच मधोमध ड्राकेनस्टाइन तुरुंग आहे. त्याचे पूर्वीचे नाव व्हिक्टर व्हर्स्टर. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला याच तुरुंगाच्या दारातून चालत बाहेर पडले. प्रवेशद्वाराजवळ मूठ उंचावलेला त्यांचा पुतळा आहे. दोन मळ्यांच्या मध्ये येथे दहा मिनिटे थांबावे.

चालक आणि वाइन

दक्षिण आफ्रिकेत सर्वसाधारण चालकांसाठी रक्तातील मद्याची मर्यादा दीर्घकाळ १०० मिलिलिटरमागे ०.०५ ग्रॅम राहिली आहे. भारतात ती ०.०३ ग्रॅम आहे. ही मर्यादा शून्यावर आणण्याचे प्रस्तावही तेथे मांडले गेले आहेत. आपल्यापेक्षा मुभा जास्त, असा याचा अर्थ काढू नये. चाखण्याच्या एका बैठकीत चार ते सहा वाइन येतात आणि दोन मळे पाहिले की हिशेब हाताबाहेर जातो. त्या देशातील जीवघेण्या अपघातांत मद्यपानाचा वाटा मोठा आहे. भाड्याच्या गाडीचा विमाही अशा वेळी लागू होत नाही.

मार्ग सोपे आहेत. फ्रान्सहुक येथे २०१२ पासून ‘वाइन ट्रॅम’ चालते. ट्राम व बस यांच्या ठरावीक फेऱ्यांनी मळ्यांमध्ये चढता-उतरता येते. स्टेलनबॉशमध्ये अनेक मळे टॅक्सीच्या टप्प्यात आहेत आणि चालकासह दिवसाची गाडीही मिळते. देशातील पहिला ‘वाइन रूट’ याच गावात १९७१ मध्ये सुरू झाला. चाखलेली वाइन समोरच्या भांड्यात टाकून देणे येथे असभ्य मानले जात नाही. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षरस, चीज, ऑलिव्ह तेल आणि सुंदर बागा आहेत. दिवसाला तीन मळे पुरेत.

लक्षात ठेवा

केव्हा जाल : देवमासे आणि रानफुले यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर, तर द्राक्षतोडणी पाहण्यासाठी फेब्रुवारी-मार्च. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत स्थानिक सुट्ट्यांमुळे दर चढे असतात. केपचा पावसाळा हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये असतो. नाय्स्ना परिसरात मात्र वर्षभर पाऊस पडतो.

परवाना : भारतीय नागरिकांना व्हिसा लागतो. मूळ वाहन परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्या शहरात परत करण्यासाठी वेगळे शुल्क पडते. टायर व काचांचा विमा त्यात आहे का, हे विचारून घ्यावे.

रस्त्यावर : वेगमर्यादा वस्तीत ताशी ६०, साध्या रस्त्यावर १०० आणि महामार्गावर १२० किलोमीटर. ‘रोबो’ म्हणजे वाहतूक सिग्नल. चारही बाजूंना थांब्याचा फलक असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो. मागून वेगाने येणाऱ्याला वाट देण्यासाठी मंद गाडी साइडपट्टीवर घेण्याची पद्धत आहे. पुढे गेलेला चालक चारही दिवे लुकलुकवून आभार मानतो. पट्टीवर पादचारी नसल्याची खात्री करूनच असे करावे.

सुरक्षितता : अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. गाडीत सामान उघड्यावर ठेवू नये. विमानतळाच्या परिसरात मोबाइलने सुचविलेल्या आडवाटा टाळून फलक दाखवितात त्याच महामार्गाने जावे.

खाणे : शाकाहारींना मोठ्या गावांत अडचण येत नाही, महामार्गावर मात्र सोबत काही ठेवावे. केप मलाय खानावळीत रोटी, समोसा आणि ‘अचार’ही मिळतो. हिंदी महासागराच्या वाटेने आलेले हे पदार्थ आता तेथलेच झाले आहेत.

परतीचा प्रवास : मुंबईहून आखाती शहरे किंवा अदिस अबाबामार्गे जाता-येता येते. स्टेलनबॉश ते केप टाऊन विमानतळ हे अंतर ३५ किलोमीटरच्या आत आहे. येताना प्रवाशामागे दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. बाटल्या नोंदणीच्या सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. परतीच्या सकाळी गाडी स्वतः चालवायची असेल, तर आदल्या रात्री पेला लवकर खाली ठेवावा.